खंडेनवमीची चार रबरं

आप्पा, आज सकाळी तुमच्या गाडीची मागची दोन्ही चाकं उतरवली. गाडी अजून आहे आपल्याकडे. तुम्ही भंगारातून उचलून उभी केलेली ती गोल टपाची गाडी अंगणातल्या शेवग्याखाली असते, वर्षातून फार तर पाच-सहा वेळा बाहेर पडते, आणि एरवी तिच्या टपावर शेवग्याची बारीक पिवळी पानं साठत राहतात. गेल्या आठवड्यात आई म्हणाली, मैंदर्गीला मामाच्या रानात हुरडा आलाय, मला जायचंय, आणि जायचं तर त्यांच्याच गाडीनं. एसटी नको, भाच्याची नवी गाडी नको. आईनं एकदा मनात घेतलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून गाडी सुरू करून गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि ब्रेकवर पाय ठेवला, तर तो नको तितका खाली गेला. परत आणून वाकून पाहिलं तेव्हा डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसली, टायरवर बोटभर रुंदीचा काळा ओघळ. ड्रमच्या आत बसणारा तो छोटा सिलिंडर, जो ब्रेकचे लायनर बाहेर ढकलतो, तो गळायला लागला होता. एक गळला की दुसराही त्याच वाटेवर असतो, बदलायचे तर जोडीनं बदलायचे, हे तुमचंच शिकवणं. दोन्ही नवे आणले.

गॅरेजात देऊन टाक, रविवारी तरी आराम कर, असं घरातले सगळे म्हणाले. मी ऐकलं नाही. चोपन्न वर्षांची बाई जुन्या पंजाबी ड्रेसवर तुमचा शर्ट चढवून अंगणात पाटावर बसलेली पाहून शेजारच्यांची करमणूक झाली असेल, होऊ दे. ड्रम हातोडीनं टकटक करून सैल केला, ओढून काढला, आणि ब्रेक ऑइलचा तो गोडसर वास आला. थंडीतलं ऊन पाठीवर होतं. मागच्या गल्लीत यंत्रमाग चालू होते, एका लयीत, कुणी झोपेत श्वास घ्यावा तसे. मी पाना खाली ठेवला आणि किती वेळ तशीच बसून राहिले मला सांगता येणार नाही. तुम्ही समोर बसलाय असं वाटलं असं म्हणणार नाही, तुम्हाला असलं बोललेलं आवडायचं नाही. पण माझ्या हातांना वाटलं. आणि वाटलं, आज तुम्हाला ते लिहून टाकावं. करकंबच्या त्या गाडीचे ब्रेक तुमच्या हातून बिघडले नव्हते, आप्पा. माझ्या हातून बिघडले होते. तुम्ही जाईपर्यंत, पुरती एकोणीस वर्षं, स्वतःच्या हातांवर संशय घेत राहिलात आणि मी शेजारी बसून ते बघत राहिले. तुम्हाला जाऊनही आता तेवढीच वर्षं झाली.

मी सोळा वर्षांची आहे, अकरावीत. आजी आजारी म्हणून आई मैंदर्गीला गेलेली आहे. अक्कलकोट रोडवरच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये खंडेनवमीची सकाळ आहे आणि तुम्ही सायकलवर एक पाय टाकून मला सांगताय, "औंदा तूच कर पूजा. हत्यारं धू, पूस, त्याल लाव. म्या हार घिऊन येतो." दरवर्षी हे आईचं काम. मला एवढा मोठा मान मिळालाय की मी आधी शेडची सगळी जमीन झाडून काढते. मग घासलेटात पाने धुते, पक्कड धुते, हातोडी धुते, जॅकसुद्धा कुशीवर पाडून धुते. गोणपाटावर मापाप्रमाणे एकेक मांडते. तेलाच्या कुपीतून मशीनचं तेल चिंधीवर घेऊन प्रत्येकाला पुसते. पत्र्याच्या फटीतून ऊन येतंय आणि ओळीनं मांडलेल्या पान्यांवरून ते सरकतंय. मला आठवतं, मी कुणाशी तरी बोलत होते, त्या पान्यांशीच बहुतेक.

शेडच्या मधोमध करकंबच्या बागायतदारांची गाडी, चाकं काढून, लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती. मागचे सिलिंडर तुम्ही आदल्या दिवशी काढून, धुऊन, घासून ठेवले होते, आणि आत घालायची नवी रबरं पाकिटातून काढून वर्तमानपत्रावर ठेवली होती. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून काम तिथंच थांबलं होतं. चार रबरं. मोठ्या बोराएवढी, काळी, एका बाजूनं खोलगट. मला ती फार एकटी वाटली. आपल्या घरात खंडेनवमीला काही कोरडं राहू द्यायचं नाही हे तर तुम्हाला माहीतच आहे. विळीला तेल, पाट्या-वरवंट्याला तेल, शिवणयंत्राला तेल, आजोबांच्या लोकर कातरायच्या कात्रीला तेल. आई म्हणायची, आज ज्याला तेलाचं बोट लागत नाही ते वर्षभर रुसून बसतं. मग या नव्या पाहुण्यांनी काय घोडं मारलं होतं? मी एकेक उचललं आणि नुसतं बोट लावलं नाही, आप्पा, चांगलं चोळलं, आतून बाहेरून, बाळाला चोळावं तसं. ती चमकायला लागली. होती तशी कागदावर ठेवली, वर चिमूटभर भंडारा टाकला.

तुम्ही झेंडूचे हार घेऊन आलात, दारात थांबलात, आणि म्हणालात, "लई झ्याक मांडलंस पोरी." एवढं बोलून तुम्ही नारळ फोडलात. त्या सकाळइतकी खुशीत मी नंतर फार थोड्या वेळा होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात होते तेव्हा तुम्ही काम पुरं केलंत. रबरावरचा भंडारा फुंकरीनं उडवून, नेहमीसारखी ती ब्रेक ऑइलमध्ये बुडवून तुम्ही आत सारली असणार. तेलाच्या चमकेवर तेलाची चमक, काय दिसणार? ब्रेकचं तेल वेगळं आणि मशीनचं तेल वेगळं, मशीनच्या तेलानं ते रबर फुगतं, मऊ पडतं, हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या शेडमध्ये लहानाची मोठी झाले होते, पण चहा घेऊन येणारी आणि डबा घेऊन जाणारी म्हणून. गाडीतलं तुम्ही मला काही सांगायचा नाहीत. मुलीला सांगायचं ते नव्हतंच, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं, मलाही.

दिवाळी झाली, उसाचं गाळप सुरू झालं, आणि एके दिवशी ती गाडी ट्रकवर चढून आपल्या दारात आली. पुढचा भाग चेपलेला. करकंबच्या रस्त्यावर पुढं उसाची बैलगाडी होती, मालकांनी ब्रेक दाबला आणि पाय थेट फळीला टेकला. त्या जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकाच नळीतून तेल जायचं. मागं गळलं की सगळंच गेलं. गाडी उसाच्या मोळ्यांवर जाऊन आपटली. गाडीवानानं उडी टाकली होती, बैलांना काही झालं नाही, मालकांचं मनगट मोडलं. त्यांचा भाऊ ट्रकबरोबर आला होता, तो रागावलेला नव्हता, नुसता गप्प होता, आणि तेच तुम्हाला जास्त लागलं असावं. तुम्ही त्याला पाणी दिलंत, चाक काढलंत, ड्रम ओढलात. मी चहा घेऊन उभी. आजूबाजूच्या शेडमधले दोघे-तिघे मिस्त्री वाकून पाहत होते. तुम्ही आतलं रबर बोटांनी ओढून काढलंत. ते फुगून बिब्यासारखं झालं होतं आणि त्याची कड फाटली होती.

"किट डुप्लिकेट हाय," एक मिस्त्री म्हणाला. "दुकानदाराच्या तोंडावर मारून या."

तुम्ही रबर चिमटीत दाबून पाहत होता. "माल चांगला हाय," तुम्ही म्हणालात. "ह्येला मशीनचं त्याल लागलंय. माझाच हात तेलकट हुता म्हनायचा."

"तुमचा हात? आवं, तीस वर्षं झाली तुमाला."

"तीस वर्षं झाली म्हनूनच की," तुम्ही म्हणालात, आणि मग उजव्या हाताची बोटं नाकाशी नेऊन तुम्ही वास घेतलात. महिन्यापूर्वीच्या तेलाचा वास त्यात कसला यायचा? पण तुम्ही घेतलात, हळूच, डोळे मिटून. मला ती चार रबरं कागदावर चमकताना दिसत होती. मी तोंड उघडलं होतं, आप्पा, याची शपथ घेते. पण तेवढ्यात तुम्ही मालकांच्या भावाकडं वळून, हात जोडून "चूक माझी हाय" असं म्हणालात, आणि ते इतकं पुरं बोलून झालं होतं की त्यात माझं बोलणं घालायला जागा दिसेना. दुसऱ्या दिवशी तुम्ही करकंबला जाऊन मालकांच्या उशाशी बसून आलात. त्यांनी म्हणे तुमचा हात धरून सांगितलं, मिस्त्री, गाडी बरी करा, मी तुमच्याकडंच येणार. ते आलेही, पुढं कित्येक वर्षं. त्यांनी तुम्हाला मोकळं केलं. तुम्ही स्वतःला केलं नाहीत.

त्यानंतरचे दोन महिने तुम्ही ब्रेकचं काम घेतलंच नाही. इंजिन करायचात, क्लच करायचात, ब्रेकची गाडी आली की शेजारच्या शेडकडं बोट दाखवायचात. गिऱ्हाइकं हसायची, ज्याच्याकडं ब्रेकसाठी लांबून लोक यायचे तो ब्रेकला नाही म्हणतो म्हणून. जेवायला बसताना तीन-तीनदा साबण लावायचात, तरी भाकरीला हात घालण्याआधी बोटं नाकाशी जायची. आई म्हणायची, किती वास घ्याल, भाकरी गार झाली. मी मान खाली घालून जेवत असे. तेव्हा मी खरोखर भ्याले होते. रात्रंदिवस एकच वाटायचं, आज सांगते, उद्या सांगते, मग तुम्ही काय कराल, मला शेडमध्ये पाऊल टाकू द्याल का.

आणि मग संक्रांतीनंतरची ती दुपार. मी डबा ठेवून निघाले होते. एका गाडीचा मागचा ड्रम उघडा होता, तुम्ही त्याच्यासमोर नुसतेच बसला होता, हात मांडीवर. माझ्याकडं न बघता म्हणालात, "हितं ये. बस." मी पाटावर बसले. "म्या काय करतो त्ये बघ. चुकलं तर सांग."

"मला काय कळतंय त्यातलं, आप्पा?"

"डोळं हायत की. म्या तोंडानं बोलत जातो, तू डोळ्यानं बघत जा. बोललेलं आन् केलेलं येक हाय का, एवडंच सांगायचं."

मग तुम्ही बोलायला लागलात. हात धुतला. कोरडा क्येला. पाकीट फोडलं. रबर डाव्या हातात. ब्रेकचं त्याल, डबा हाच, नाव वाच. मी नाव वाचलं. खोलगट अंग आतल्या बाजूला. कड दुमडली का? नाही, म्हटलं मी. मग सांगितलंत, आजोबा वाघरीत, त्या जाळीच्या वाड्यात, मेंढरं घेताना जाळीच्या तोंडाशी उभं राहून एकेकीला मोठ्यानं बोलायचे, पांढऱ्या कानाची आली, लंगडी आली, तांबडी आली, म्हणजे चुकून एखादी बाहेर राहिली तर आजीला ऐकूनच कळायचं. घरचा तो धंदा सोडून तुम्ही शहरात आलात, तो असा तुमच्याकडं परत आला. तेव्हापासून तुम्ही एकही ड्रम माझ्या डोळ्यांशिवाय बंद केला नाहीत. कॉलेज सुटलं की मी थेट शेडमध्ये, आणि रविवार तर सबंध तिथंच.

त्या सगळ्या दुपारी मला एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. सगळी एकच लांब दुपार आहे, पत्रा तापलेला, रस्त्यावरून जाणाऱ्या मालट्रकांची थरथर पाटातून चढतेय, आणि तुमचा आवाज एका पट्टीत चाललाय. नळीचं नट आधी बोटानं दोन आटे फिरव, मग सिलिंडर आवळ, उलटं करशील तर आटे खाशील. स्प्रिंग निळी पडली असंल तर फेक, ती तापलीय. मी बघते, बघता बघता मला दिसायला लागतं, आणि एक दिवस तुमच्या आधी मला सिलिंडरच्या आतला केसाएवढा ओरखडा दिसतो. तुम्ही तो उन्हात धरून पाहता, बराच वेळ, आणि बाजूला टाकता. त्या दिवशी परत जाताना तुम्ही मला सायकलवर डबलसीट घेतलंत आणि वाटेत भेटेल त्याला, कारण नसताना, सांगत गेलात की ही माझी थोरली.

एकदा मात्र बोलणी खाल्ली. परीक्षा जवळ होती, डोकं दुसरीकडं होतं, आणि तुम्ही "कड बघ" म्हणालात तेव्हा मी न बघताच "बघितली" म्हटलं. तुम्ही थांबलात. जोडलेलं सगळं परत सोडवलंत, स्प्रिंगा, लायनर, सिलिंडर, सगळं, आणि पुन्हा पहिल्यापासून हात धुवायला उठलात. धुऊन आल्यावर म्हणालात, "न बघता व्हय म्हनू नगं. माझ्या हातावर माझा इस्वास न्हाय, म्हनून तुला बसिवलंय हितं. तू बी आंधळी झालीस तर म्या कुनाकडं बघायचं?" तुम्ही रागावला असतात तर सोसलं असतं. त्या दिवशी मी शेडच्या मागं जाऊन रडले. तुम्हाला वाटलं बोललेलं लागलं. पुढच्या आठवड्यात तुम्ही सायकलच्या जुन्या आऱ्याचा आकडा वळवून मला दिलात, ब्रेकच्या स्प्रिंगा ओढून काढायला, माझ्या हाताच्या मापाचा. मुठीला घोंगडीचं काळं सूत गुंडाळलेलं, घाम आला तरी निसटू नये म्हणून. तुम्ही ते सूत दुपारभर बसून गुंडाळत होता. मी तो आकडा घेतला. घेताना लाज वाटली आणि तरी घेतला.

पुढचं तुम्ही पाहिलंतच. मामा म्हणाले, पोरगी ग्रीस खाती काय आता, लग्न कुठं जमायचं हिचं. तुम्ही हसलात आणि मला डिप्लोमाला घातलंत. चिंचोळी एमआयडीसीत कारखान्यात लागले तेव्हा तपासणीच्या टेबलावर बसवलं, आणि आजही मी तेच करते, दुसऱ्यांनी केलेलं बघते. मोठ्यानं बोलत बघते. नवी पोरं-पोरी आधी हसतात, मग तीही बोलायला लागतात. तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, "ह्या पोरीनं बघितल्याबिगर गाडी सोडत न्हाय." ते ऐकताना माझा ऊर भरून यायचा, आणि त्याच घटकेला लाज वाटायची. ही दोन्ही मला इतकी सवयीची झाली की पुढं मी ती वेगळी ओळखायची सोडून दिली.

शेवटच्या आजारात तुम्ही अंथरुणावर होता तेव्हा मी भाकरी दुधात कुस्करून द्यायचे. तुम्ही चमचा घ्यायचा नाहीत, हातानंच खायचात, आणि खाण्याआधी बोटं नाकाशी. पाच महिने गाडीला शिवला नव्हता तुम्ही. एकदा विचारलंत, "वास येतुया का गं?" मी तुमचा हात हातात घेऊन वास घेतला. साबणाचा आणि औषधाचा होता. म्हटलं, नाही येत, आप्पा. "बघून सांगतीस न्हवं?" तुम्ही म्हणालात. बघून सांगते, म्हटलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सांगायला याहून बरी वेळ कुणाला मिळते? मी वाटी तुमच्या पुढं सरकवली.

आज दोन्ही सिलिंडर बसवले. सगळं तोंडानं बोलत केलं, हात धुतला, कोरडा केला, नळीचं नट आधी बोटानं. मग ब्रेकच्या नळीतली हवा काढायची राहिली, आणि त्याला दोन माणसं लागतात, एक पायाशी, एक चाकाशी. घरात आईशिवाय कुणी नव्हतं. आई म्हणाली, मी दाबते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची तुमची बायको पदर खोचून, पाठीला उशी लावून स्टिअरिंगमागं बसली. आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेवर. मी लांबचं चाक आधी घेतलं, डावं मागचं, हवा सोडायच्या निपलला नळी लावून तिचं टोक तेल घातलेल्या काचेच्या बरणीत बुडवलं.

"दाब, सोड, दाब, सोड, आता दाबून धर."

"धरलं बघ."

मी निपल सैल केला, बरणीत बुडबुडे आले, परत आवळला. "सोड."

"साकु?" आईनं विचारलं. मैंदर्गीचं कानडी तिचं काही जायचं नाही.

"एवढ्यात कुठलं पुरे? अजून बरंच आहे. हवा संपेपर्यंत."

असं कितीतरी वेळ चाललं होतं. ती दाबत होती, मी सोडत होते, बुडबुडे बारीक होत गेले, माग चालू होते. मी चाकामागं होते, तिला माझं तोंड दिसत नव्हतं, आणि मला तिचं. तिथून मी तिला सांगितलं. खंडेनवमी, चार रबरं, मशीनचं तेल, सगळं. सांगून झाल्यावर बरणीत एकही बुडबुडा येत नव्हता, तरी मी तिला सोड म्हटलं नाही, आणि ती दाबून बसून राहिली.

"म्हंजी त्येंचा हात न्हवता," ती म्हणाली.

"नव्हता."

"मी बी म्हनायची त्येंना, वय झालं, हात कापतोय, ऱ्हाऊ द्या आता." मग म्हणाली, "सांगितलं का न्हाईस गं त्येंना?"

"भ्याले," म्हटलं.

"भ्यालीस व्हय. ल्हान हुतीस." तिनं मान हलवली असणार, उशी सरकल्याचा आवाज आला. "पाय दुखाय लागला. सोडू का?"

सोड म्हटलं. उजवीकडचंही झालं, मग पुढची दोन्ही. चाकं चढवली, गाडी खाली घेतली, आईला शेजारी बसवून गल्लीतून फिरवून आणली. ब्रेक वर लागतो, कडक, चारही चाकांनी सरळ थांबते. उद्या सकाळी मैंदर्गीला निघू. आई आत मामाशी फोनवर बोलतेय, अर्धं कानडीत, की गाडी पोरीनं बरी केली आणि ब्रेकला मी होते. तिच्या आवाजात एवढा आनंद मी बऱ्याच दिवसांत ऐकला नाही. मी हात धुऊन हे लिहायला बसले.

तिला मी खोटं सांगितलं, आप्पा. भीती होती ती दोन महिने. संक्रांतीनंतर त्या दुपारी तुम्ही "हितं ये, बस" म्हणालात आणि भीती गेली, तिच्या जागी दुसरं आलं. मला कळत होतं की मी तोंड उघडलं तर तुमचा हात तुम्हाला परत मिळेल, त्याच दिवशी, पुरता. आणि मग तुम्हाला बघायला कुणी लागणार नाही. तुम्ही पुन्हा गप्प, झपाझप काम करणारे मिस्त्री व्हाल, आणि मी डबा ठेवून परत जाईन. मला परत जायचं नव्हतं. तो पाट मला हवा होता. तुमचं ते एका पट्टीतलं बोलणं, रबर माझ्या डोळ्यांपुढं धरणं, "बघ" म्हणून थांबणं, मला हवं होतं, आणि ते तुमच्या संशयावर चालत होतं, म्हणून मी तो संशय राहू दिला. तुम्ही बोटं नाकाशी न्यायचात तेव्हा मला वाईट वाटायचं, फार वाटायचं, पण त्याच वेळी उद्याही तुम्ही मला बोलावणार याची खात्री वाटायची.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्न नाही. टाकता आलं असतं, तरी टाकलं नसतं. आज तुम्ही या अंगणात असतात, ड्रम उघडा टाकून मला बोलावलं असतंत, तर मी हात पुसून तुमच्या शेजारी येऊन बसले असते, आणि गप्प राहिले असते.